पावलांच्या मागे ढोल

पुएर्तो रिकोतल्या बोम्बाच्या रिंगणात एखादी बाई उतरते, तेव्हा ती लगेच नाचायला लागत नाही. आधी ती चालते. पाठ ताठ, मान वर, दोन्ही हातांत घागऱ्याचा घेर धरलेला, अशी ती एक फेरी घेते आणि ढोलांपुढे येऊन किंचित झुकते. ढोल निदान दोन असतात. त्यांतला एक मुख्य. तिचा नमस्कार असतो तो त्या ढोलाला आणि तो वाजवणाऱ्याला. नमस्कार झाला की खेळ सुरू. ती खांदा उडवते, मुख्य ढोलावर एक खणखणीत थाप पडते. ती घागऱ्याचं टोक झटक्यात डावीकडे फेकते, तिथे दुसरी. मग ती मुद्दाम थबकते. वादक तिच्याकडे टक लावून असतो. ती अचानक लागोपाठ तीन झटके देते आणि तिन्ही झटक्यांवर तीन थापा अचूक पडायला हव्यात. एखादी निसटली तर रिंगणातल्या सगळ्यांना कळतं.

नाचणारीने तालावर नाचायचं, ही रीत इथे उलटी आहे. इथे मुख्य ढोलाने नाचणारीच्या मागे जायचं असतं. लावणीतला ढोलकीवाला नाचणारीच्या पायांवर नजर ठेवून असतो, हे तमाशा पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण तिथे बांधलेली लावणी असते, ठरलेले तोडे असतात. बोम्बात नाचणारी पुढच्या क्षणी काय करणार हे तिनेसुद्धा पुरतं ठरवलेलं नसतं. तिच्या त्या प्रत्येक झटक्याला, मुरक्याला, थबकण्याला ‘पिकेते’ म्हणतात. पिकेते टाकायचा आणि ढोलाने तो झेलायचा. नाचणारी वादकाला चकवायला बघते, वादक चकायला तयार नसतो. आणि तिचं समाधान झालं की ती पुन्हा ढोलाला वंदन करून बाहेर पडते, दुसरं कुणीतरी आत येतं.

हे सगळं चित्रपटात कसं दाखवायचं, हा या प्रकरणाचा विषय आहे. 2000 साली आलेला ‘बोम्बा: डान्सिंग द ड्रम’ हा अमेरिकन दिग्दर्शक अॅशली जेम्स यांचा तासाभराचा माहितीपट त्यासाठी हाताशी घेतला आहे. त्याच्या नावातच पेच आहे: ढोलावर नाचणं नव्हे, ढोलच नाचून काढणं. पण त्या चित्रपटाकडे जाण्याआधी ढोल नीट बघून घेऊ.

बोम्बाचा ढोल म्हणजे मुळात लाकडी पिंप. ऊसमळ्यांच्या त्या बेटावर रम, खिळे, खारवलेले मासे असला माल पिंपांतून येई-जाई. रिकामं झालेलं पिंप घ्यायचं, त्याच्या एका तोंडावर बकऱ्याचं कातडं ताणून बसवायचं, झाला ढोल. आफ्रिकेत झाडाचा बुंधा कोरून ढोल करत. इथे गुलामांच्या हाताला जे लागलं त्यातून तो उभा राहिला. ठेका धरून ठेवणाऱ्या ढोलाला बुलेआदोर म्हणतात. त्याचा आवाज खर्जातला. त्याने रात्रभर एकच चाल सोडायची नाही. मुख्य ढोल सुबिदोर किंवा प्रिमो, तो चढ्या आवाजाचा, आणि पिकेते झेलण्याचं काम त्याचं. ढोल बनवणारे जाणकार सांगतात की प्रिमोला बकरीचं पातळ कातडं चढवावं आणि बुलेआदोरला बोकडाचं जाड. शिवाय ‘क्वा’ नावाच्या दोन काठ्या असतात, त्या पिंपाच्या लाकडी अंगावर वाजवतात, आणि एक मराका, म्हणजे दाणे भरलेला खुळखुळा, तो बहुतेक वेळा गाणाऱ्याच्या हातात असतो. गाणारा ओळ टाकतो, बाकीचे झील धरतात. बस्स, एवढाच सरंजाम. सूर देणारं एकही वाद्य नाही.

ठेके मात्र पुष्कळ. सिका हा सरळ दोनाच्या चालीचा, शिकणाऱ्याला पहिला तोच देतात. युबा सहाच्या वजनाचा, जडशीळ, दुःख आणि संताप दोन्ही पोटात घेणारा. ओलान्देस झपाट्याचा. लोइसा या गावाचा सेइस कोर्रिदो त्याहूनही वेगवान. ओलान्देस म्हणजे डच, लेरो या ठेक्याचं नाव फ्रेंच वळणाचं, आणि काही जुन्या गाण्यांत फ्रेंच क्रिओलचे शब्द अजून सापडतात. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरून दुसऱ्या बेटावर माणसं विकली गेली, पळाली, मालकांबरोबर हलवली गेली. 1791 नंतर हैतीतल्या उठावामुळे तिथले फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह पश्चिम पुएर्तो रिकोत आले. त्या सगळ्या वाटा ठेक्यांच्या नावांत राहून गेल्या आहेत.

पुएर्तो रिको 1898 पर्यंत स्पेनच्या ताब्यात होतं. फ्रेंच निसर्गअभ्यासक आंद्रे पिएर लेद्रू 1797 मध्ये तिथे आला. 1810 मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात ढोलाच्या साथीने चाललेल्या नाचाचं वर्णन आहे, आणि बोम्बाच्या जुन्यातल्या जुन्या लेखी खुणांत ते धरतात. पुढे 1815 च्या राजाज्ञेने परदेशी मळेवाल्यांना बेटावर जमिनी मिळाल्या आणि पोन्से, ग्वायामा, मायाग्वेस या भागांत साखरेचे मळे फोफावले. त्याबरोबर गुलामांची संख्याही. 1826 मध्ये गव्हर्नर मिगेल दे ला तोर्रे याने गुलामांसाठी नियमावली काढली. त्यात नाचाला परवानगी होती, पण सुट्टीच्या दिवशी, दुपारनंतर सूर्यास्तापर्यंत, मळ्याच्या हद्दीत आणि मालकाच्या किंवा मुकादमाच्या डोळ्यांसमोर. ही धास्ती उगाच नव्हती. 1820 च्या दशकात उठावाचे जे कट उघडकीला आले, त्यांत नाचासाठी जमलेल्या गर्दीचा आडोसा घेतला गेला होता. ढोल वाजत असताना कोण कोणाशी काय बोललं हे मुकादमाला कळणं अवघडच.

गुलामी संपली 22 मार्च 1873 ला. सुमारे तीस हजार माणसं कायद्याने मुक्त झाली, तरी त्यांना आणखी तीन वर्षं कराराने राबावं लागलं. बोम्बा मळ्यांवरून शहरांच्या कडेला आला. सान हुआनच्या सांतुर्से भागातल्या वस्त्यांत, लोइसाच्या किनाऱ्यावर, पोन्से आणि मायाग्वेसच्या गल्ल्यांत तो घराघरांतून टिकला. लिहून ठेवण्याची पद्धत नव्हतीच. जे होतं ते बापाच्या हातात आणि आईच्या पावलांत.

अशा घरांपैकी एक सेपेदांचं. राफाएल सेपेदा 1910 मध्ये सान हुआनमध्ये जन्मले. पत्नी कारिदाद ब्रेनेस स्वतः उत्तम नाचत. सांतुर्सेतल्या व्हिया पाल्मेरास या वस्तीत त्यांनी संसार केला, आणि मुलं मोठी होत गेली तसतसा घराचाच एक संच उभा राहिला: कोणी ढोलावर, कोणी गाण्याला, कोणी रिंगणात. राफाएल गाणी रचत. त्यांचं ‘एल बोम्बोन दे एलेना’ रेडिओवर घराघरांत पोचलं. 1983 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल एंडोमेंट फॉर द आर्ट्स या संस्थेने लोककलावंतांसाठीची राष्ट्रीय फेलोशिप देऊन त्यांचा गौरव केला. 1996 मध्ये ते गेले. त्यानंतर चार वर्षांनी आलेला जेम्स यांचा चित्रपट या कुटुंबाभोवती उभा आहे. वारसा कोणी आणि कसा पेलायचा, आणि तो किती जड होतो, हा त्याचा प्रश्न.

इथे एक वळसा घ्यायला हवा, कारण सेपेदांचं गाणं ज्यांनी गाजवलं त्यांच्याशिवाय ही गोष्ट अपुरी राहील. राफाएल कोर्तिहो आणि गायक इस्माएल रिव्हेरा हे दोघेही त्याच सांतुर्सेच्या मातीतले. 1954 मध्ये कोर्तिहोने आपला वाद्यवृंद बांधला. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो, आणि त्यांच्या बरोबरीने बोम्बा आणि प्लेनाचे ठेके. (प्लेना ही याच बेटावरची दुसरी चाल, हातात धरायच्या डफांवरची, बातमीसारखी गाणी सांगणारी.) काळ्या वादकांचा संच टेलिव्हिजनवर ठरलेल्या दिवशी, ऐटीत उभा राहून वाजवतोय, हे दृश्य त्या काळच्या पुएर्तो रिकोत नवं होतं, आणि त्याचं मोल कमी लेखता येणार नाही. त्या तबकड्या आजही ऐकाव्यात. त्यांतला आनंद अस्सल आहे.

पण त्या तबकडीवर नाचणारी नाही, आणि ती नसली तर बोम्बाचा कणाच हरवतो. रागसंगीताची तबकडी ऐकताना गायक दिसला नाही तरी रचना हाताला लागते. बोम्बात प्रिमोवर पडणारी प्रत्येक थाप कुठून आली याचं उत्तर एखाद्या खांद्यात, गुडघ्यात, घागऱ्याच्या घेरात असतं. तो खांदा दिसत नसेल तर ऐकणाऱ्याला फक्त उत्तरं ऐकू येतात, प्रश्न नाहीत. स्टुडिओत नाचणारी नसताना प्रिमोवाला वाजवतो तेव्हा तो आठवणीतून वाजवतो, कल्पनेतल्या नाचणारीला जाब देतो. म्हणून बोम्बाचं खरं दस्तऐवजीकरण ध्वनिमुद्रणाने होणार नाही, त्याला हलतं चित्रच हवं. माझ्या मते या नाचाला चित्रपटाची जेवढी गरज आहे तेवढी फार थोड्या कलांना असेल.

आणि चित्रपटाने नेमकी इथेच बराच काळ निराशा केली.

कारण आधी यंत्राचं होतं. 1940 आणि 50 च्या दशकांत गावोगाव फिरून चित्रण करणाऱ्यांच्या हातात किल्लीचा सोळा मिलिमीटर कॅमेरा असे. स्विस बनावटीचा बोलेक्स त्यांत फार लोकप्रिय. किल्ली पूर्ण भरली तरी तो जेमतेम अठ्ठावीस सेकंद चाले. मग थांबा, पुन्हा किल्ली द्या. बोम्बात एकेका नाचणाऱ्याची पाळी मिनिटांच्या हिशोबात चालते. फेरी, नमस्कार, पहिले सावध पिकेते, मग हळूहळू चढणारी चुरस. अठ्ठावीस सेकंदांत फेरीच पुरी होत नाही. शिवाय तो कॅमेरा आवाज घेत नसे. आवाज वेगळ्या यंत्रावर, बहुतेक वेळा वेगळ्या वेळी घेतला जाई आणि नंतर चित्राखाली जोडला जाई. सामान्य लोकनृत्याच्या बाबतीत यात फारसं बिघडत नाही, ठेका आणि पाय ढोबळपणे जुळले की भागतं. बोम्बात मात्र जोडलेला आवाज म्हणजे एकीच्या प्रश्नांना दुसरीला दिलेली उत्तरं. पडद्यावर बाई खांदा उडवते आणि ढोल गप्प राहतो. ती उभी असते आणि ढोल कडकडतो. पाहणाऱ्याला वाटतं, हा अंगात आल्यासारखा बेभान नाच आहे. अचूकपणा जातो आणि मागे उरतो तो ‘उन्माद’, जो आफ्रिकी मुळांच्या प्रत्येक कलेला परक्यांनी आधीच चिकटवून ठेवलेला असतो. हा निव्वळ तांत्रिक दोष नाही. त्यातून एका बुद्धिमान कलेची बदनामी झाली.

त्या काळात प्रयत्न झाले नाहीत असं नाही. पुएर्तो रिको सरकारने 1949 मध्ये लोकशिक्षणासाठी एक विभाग काढला होता. नामवंत चित्रकारांनी पोस्टर काढायची, लेखकांनी पुस्तिका लिहायच्या आणि खेडोपाडी उघड्यावर पडदा लावून चित्रपट दाखवायचे, अशी त्याची रीत. त्याच विभागाचा ओस्कार तोर्रेस दिग्दर्शित ‘नेनेन दे ला रुता मोरा’ 1955 मध्ये लोइसात चित्रित झाला. गावच्या सान्तियागोच्या उत्सवात नारळाच्या कवटीचे, शिंगं फुटलेले मुखवटे घालून लोक फिरतात, त्या मुखवट्यांच्या जगात शिरणारा एक लहान मुलगा त्याच्या केंद्रस्थानी आहे. मानववंशशास्त्रज्ञ रिकार्दो अलेग्रिआ यांनी त्याच उत्सवावर 1954 मध्ये पुस्तक लिहिलं, आणि पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या पुएर्तो रिकन संस्कृती संस्थेची धुरा सांभाळली. या कामांमुळे लोइसा देशाच्या नकाशावर ठळक झालं, काळ्या पुएर्तो रिकोला सरकारी मान्यता मिळाली. तरी कॅमेऱ्याची ओढ मुखवट्यांकडे आणि रंगांकडे होती. ढोल आणि पाऊल यांच्यातलं नातं त्यात पार्श्वभूमीलाच राहिलं.

1960 च्या सुमारास खांद्यावर घेता येणारा, आवाजाशी बांधलेला कॅमेरा आला आणि पहिली अडचण संपली. दुसरी उरली, ती सवयीची. नाच दाखवायचा म्हटलं की संकलकाचे हात शिवशिवतात. पायाचा जवळून शॉट, मग हसरा चेहरा, मग ढोलावरचे हात, मग टाळ्या वाजवणारी आजी. पडदा हलता राहतो, पण बोम्बाचा जीव जातो. घागऱ्याचा झटका एका शॉटमध्ये आणि थाप दुसऱ्या शॉटमध्ये असली की थापेचं कारण कापलं जातं. त्यानंतर प्रेक्षकाला सांगावं लागतं, की बघा हं, इथे ढोल नाचणारीच्या मागे जातो. जे डोळ्यांना दिसलं असतं ते मुलाखतीत कोणीतरी समजावून देतं.

म्हणून बोम्बावरचा कोणताही चित्रपट, जेम्स यांचा असो की दुसरा कुणाचा, मी एकाच कसाला लावते: नाचणारी आणि प्रिमोवरचे हात एका चौकटीत किती वेळ राहतात? कॅमेरा कुठे उभा आहे? प्रेक्षकांच्या बाजूने उभा राहिला तर नाचणारीची पाठ दिसते, कारण तिचं तोंड ढोलाकडे असतं. ढोलाच्या मागे गेला तर वादकाची पाठ. उरते ती बाजूची जागा, जिथून एका कडेला तिचा घागरा आणि दुसऱ्या कडेला त्याचे हात येतात. ही जागा दिसायला साधी, चित्र म्हणून काहीशी सपाट. पण बोम्बा तिथूनच कळतो.

रंगमंचाने हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा केला. सेपेदांनी आपलं लोकनृत्य पथक उभं केलं, एकसारखे पांढरे घागरे आणि रुमाल आले, देशोदेशी कार्यक्रम झाले. तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाकडे पाठ करून नाचता येत नाही. म्हणून नाचणारी थोडी समोर वळते, पिकेते थोडे आधी बसवलेले असतात, पाळी घड्याळाच्या काट्यावर येते. यावरून त्यांच्यावर टीका झाली. मला ती एकांगी वाटते. ज्या काळात शहरातले सुशिक्षित लोक या नाचाचं नाव काढायलाही लाजत होते, त्या काळात एका गरीब काळ्या कुटुंबाने तो मानाच्या रंगमंचावर नेला. तसं झालं नसतं तर आज टीका करायला बोम्बाच किती उरला असता? पण रंगमंचाच्या बोम्बावरून रिंगणाच्या बोम्बाचा अंदाज बांधू नये, हेही तितकंच खरं. कुटुंबावरच्या माहितीपटाचा फायदा इथे आहे. तो रंगमंचामागे जाऊ शकतो, बाप मुलाला काय सांगतो आणि मूल त्यातलं काय घेतं हे दाखवू शकतो.

2001 मध्ये पुएर्तो रिकोतल्या बांको पोपुलार या बँकेने आपला नाताळचा दरवर्षीचा संगीत कार्यक्रम ‘राइसेस’, म्हणजे ‘मुळं’, या नावाने बोम्बा आणि प्लेनाला वाहिला. नामवंत गायक, लखलखीत चित्रण, घरोघरी टेलिव्हिजनवर. जेम्स यांच्या चित्रपटापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी तो पाहिला असणार. माहिती म्हणून तो पातळ असेल, पण ढोल शिकायला येणाऱ्या मुलांची एक पिढी अशाच कार्यक्रमांनी रिंगणापर्यंत आणली.

रिंगण मात्र तोवर रस्त्यावर परतलं होतं. 1990 च्या दशकात एम्मानुएली भावंडं आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘बोम्बासो’ सुरू केले: चौकात, बारच्या बाहेर, बागेत ढोल मांडायचे आणि येईल त्याला आत घ्यायचं. शिकलेला असो की नवखा, गोरा असो की काळा. कपड्यांचं बंधन नाही. जीन्स घातलेली मुलगी शर्टाचं टोक धरून घागऱ्याचं काम करते. जुन्या घराण्यांना हे सगळंच रुचलं नाही. ठेक्यांची सरमिसळ होते, नमस्कार विसरला जातो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बिनबुडाचं नाही. तरीही प्रिमोवर बायका बसू लागल्या त्या मुख्यतः याच वातावरणात. त्याआधी ढोल बहुधा पुरुषांकडेच असे.

2019 च्या जुलैमध्ये गव्हर्नर रिकार्दो रोसेयो यांच्या राजीनाम्यासाठी लाखो लोक सान हुआनच्या रस्त्यांवर उतरले, तेव्हा गव्हर्नरांच्या वाड्यासमोरच्या जुन्या गल्ल्यांत ढोल लागले आणि लोक पोलिसांच्या रांगेपुढे नाचले. 1826 मध्ये ज्या गव्हर्नरपदावरून या नाचाला सूर्यास्ताची वेळ घालून दिली गेली होती, त्याच पदाच्या वाड्याच्या दारात तो मध्यरात्री चालला. त्या रात्रींची चित्रं बहुतांश मोबाइलवरची आहेत. हात हलतो, मध्येच कुणाचं डोकं येतं, आवाज फाटतो. पण काढणाऱ्याने कुठे कापलेलं नसतं. तो बाजूला उभा राहून, एका दमात, नाचणारी आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत सगळं घेतो. उभ्या अरुंद चौकटीत ती आणि ढोल दोघं मावावेत म्हणून चार पावलं मागे सरकतो. कोणत्याही चित्रपटशाळेत न शिकता त्याने बोम्बासाठी योग्य ती जागा आणि योग्य तो शॉट निवडलेला असतो, कारण तो स्वतः रिंगणातला आहे आणि काय बघायचं हे त्याला ठाऊक आहे.

जेम्स यांचा चित्रपट मिळाला तर पाहा, आणि मग हे मोबाइलवरचे तुकडेही शोधा. पाहताना आधी आवाज पूर्ण बंद करून फक्त नाचणारीकडे बघा आणि थाप कुठे पडेल याचा मनात अंदाज करा. मग आवाज लावून तोच तुकडा पुन्हा बघा. सुरुवातीला निम्म्याहून जास्त थापा हुकतील. काही वेळाने खांद्याचा झटका कुठला आणि नुसतं वजन बदलणं कुठलं, हे वेगळं दिसायला लागेल. त्यानंतर प्रिमोवाल्याचे डोळे बघा, ते हातांकडे कधीच नसतात.